7 जूनच्या आत अर्थिंग दुरुस्त करा, नाहीतर जागा सोडा

मावला आणि आदिलाबाद परिसरात टॉवर, फायबरच्या खोल्या आणि इंटरनेटची कपाटे चालवणाऱ्या प्रत्येक कंत्राटदारासाठी आणि केबलचालकासाठी हा इशारा आहे. 7 जूनला मृग लागतो. तोवर तुमच्या डीसी लाइनचे आणि अर्थिंगचे काम नियमात बसलेच पाहिजे. मुदतवाढ मिळणार नाही.

‘अठ्ठेचाळीस व्होल्टने काय होतंय’ हे बोलणे आधी बंद करा. त्याने सहसा माणसाला झटका बसत नाही, हे खरे. पण 2 व्होल्टचे 24 सेल जोडलेली बॅटरी शॉर्ट झाली की क्षणात हजारो अँपिअर सोडते. दोन टोकांवर पडलेला पाना वितळतो, बोटातली अंगठी हाड भाजते. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझायला वाव असतो. डीसीत तो शून्यावर येतच नाही. म्हणून घरगुती एसीचा एमसीबी या लाइनवर लावणे हा गुन्हाच आम्ही मानतो.

8 मे 1988 रोजी अमेरिकेत शिकागोजवळच्या हिन्सडेल टेलिफोन एक्स्चेंजला आग लागली. तपासात बोट गेले ते डीसी पॉवर केबलकडे: खराब झालेली केबल दुसऱ्या केबलच्या धातूच्या आवरणाला टेकली आणि ठिणग्या पडत राहिल्या. सुमारे 35,000 ग्राहकांचे फोन बंद पडले, विमानतळांच्या कामालाही फटका बसला. तिथे तज्ज्ञांची मोठी कंपनी होती. इथे तुम्ही उघड्या लगला चिकटपट्टी गुंडाळून निघून जाता.

दूरसंचाराच्या 48 व्होल्ट लाइनमध्ये धन टोक अर्थला जोडलेले असते. ट्रकचे किंवा सोलरचे काम केलेला मुलगा सवयीने ऋण टोक अर्थला जोडतो, आणि रॅकची चौकटच शॉर्टचा रस्ता बनते. तारेच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक वेळी मीटर लावा. जोडताना आधी रॅकची अर्थ वायर, मग रिटर्न, शेवटी ऋण. सोडवताना याच्या उलट. बारीक तार ओढून पैसे वाचवू नका: 10 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून 40 अँपिअर 15 मीटर लांब नेले, तर जाऊन-येऊन दोनेक व्होल्ट वाटेतच खर्च होतात. लाइट गेल्यावर बॅटरी उतरू लागली की आधी त्या तारेवरचेच यंत्र बंद पडते, आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

सर्वांत मोठी हयगय अर्थिंगची. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. पावसाळ्यात घेतलेले रीडिंग मेमध्ये खोटे ठरते, म्हणून तपासणी आत्ताच, कडक उन्हात व्हायला हवी. टॉवरचा, बॅटरीचा आणि रॅकचा अर्थ वेगवेगळा सोडू नका, सगळे एकाच पट्टीला बांधा. वीज कोसळली की सुटलेल्या दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि तो तुमच्या स्विचमधून किंवा तिथे हात लावलेल्या माणसातून वाट काढतो. आयएस 3043 मध्ये हे सगळे लिहिलेले आहे. वाचा.

7 जूनपर्यंत प्रत्येक खोलीच्या दारावर अर्थचे रीडिंग, तपासणीची तारीख आणि जबाबदार माणसाची सही लावा. जिथे ती दिसणार नाही, त्या जागेची छायाचित्रांसह लेखी तक्रार पुढच्याच सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या प्रजावाणीत आणि विद्युत निरीक्षकांकडे जाईल.

घरमालकांनो, सही नसेल तर भाडेकरार पुढे वाढवू नका. आणि वायरमन भावांनो, डीसीचा ब्रेकर आणि इन्सुलेटेड पाना दिल्याशिवाय त्या खोलीत हात घालू नका. ठेकेदार रागावला तरी काम नाकारा.