दुकानाचे मीठ, कंपनीचे मीठ

सुपरमार्केटमध्ये नामांकित कंपनीच्या मिठाशेजारी दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचे, थोडे स्वस्त मीठ ठेवलेले असते. अनेक जण ते उचलतात, उलटसुलट करून पाहतात आणि परत ठेवतात. ‘तब्येतीशी तडजोड नको!’ मिठापुरते तरी हे कारण टिकत नाही.

खाण्याच्या मिठात आयोडीन घालणे कायद्याने बंधनकारक आहे. किरकोळ विक्रीच्या वेळी किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन हवे, ही अट दोन्ही पाकिटांना सारखीच लागू होते. थायरॉइडची संप्रेरके आयोडीनशिवाय तयार होत नाहीत. गर्भवतीला ते फार कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. तेव्हा पाहायचे ते ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द, पॅकिंगची तारीख आणि 14 अंकी परवाना क्रमांक. घरी बरणीचे झाकण घट्ट लावा. दमट हवेत आयोडीन उडून जाते. मला खरी काळजी वाटते ती ‘नैसर्गिक’ म्हणून चढ्या भावाने घेतलेल्या सैंधवाची. त्यात वेगळे आयोडीन घातलेले नसेल, तर रोजच्या गरजेला ते पुरत नाही.

बिस्किटे, सॉस यांची गोष्ट निराळी. तिथे प्रत्येकाची कृती वेगळी असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे साखर कितव्या क्रमांकावर आहे ते लगेच कळते. दोन पाकिटे शेजारी धरून वाचायला अर्धा मिनिट पुरतो. अक्षरे मात्र बारीक असतात, चष्मा बरोबर न्या.