भिंतीवरचा फोटो आणि चौकातला फ्लेक्स

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. घर गाडलं जातं तेव्हा भिंतीवरच्या तसबिरी आणि कपाटातला लग्नाचा अल्बमही जातो. मग गेलेल्या माणसाचा चेहरा शोधायचा तो मुंबईच्या नातलगाकडे, कुणाच्या तरी हळदीच्या ग्रुप फोटोत, नाहीतर व्हॉट्सॲपवर. त्यातला चेहरा कापून मोठा करायचा, लॅमिनेट करायचा आणि हार घालून भिंतीवर लावायचा. अशी नक्कल म्हणजे कॉपीराइटचा भंग का? माझ्या मते नाही, आणि त्या भीतीपोटी कुणाला स्टुडिओतून रिकाम्या हाती परतावं लागू नये.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला भंग मानत नाही. कलम 17 तर आणखी पुढे जातं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचाच. म्हणजे लग्नातल्या फोटोंवर हक्क लग्नघराचा. निगेटिव्ह किंवा हार्ड डिस्क स्टुडिओत पडून आहे म्हणून तो स्टुडिओचा होत नाही. बऱ्याच जुन्या फोटोंचा प्रश्न तर केव्हाच मिटला आहे. 2012 च्या दुरुस्तीपर्यंत फोटोचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपत असे; आता तो फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी संपतो, पण तोवर संपलेला हक्क पुन्हा जिवंत झालेला नाही. बाबासाहेबांच्या हयातीत 1951 पर्यंत छापून आलेले त्यांचे फोटो चवदार तळ्याच्या महाडात काय किंवा आणखी कुठे काय, घरात लावायला आज कुणाची परवानगी लागत नाही.

फोटोग्राफरच्या पोटाचं काय, हा आक्षेप खरा आहे. रात्रभर वरातीपुढे उभं राहणाऱ्याला त्याच्या कामाचा दाम मिळालाच पाहिजे. पण एका घरात लागलेल्या एका तसबिरीने त्याचं गिऱ्हाईक तुटत नाही. दुसरा आक्षेप असा, की प्रिंट काढणारा दुकानदार पैसे घेतो, मग हा वापर वैयक्तिक कसा? दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं, की हाताने उतरवून घेणं गुन्हा नसेल तर तेच यंत्राने केल्याने गुन्हा होत नाही. तो खटला शिक्षणापुरता होता, पण ते तर्कशास्त्र मला इथेही पटतं. दुकानदार मजुरी घेतो कागदाची आणि शाईची. चेहरा तो विकत नाही. मात्र ही सवलत उंबरठ्याच्या आतली आहे. वर्तमानपत्रातला दुर्घटनेचा फोटो उचलून चौकातल्या फ्लेक्सवर, दिनदर्शिकेवर किंवा स्मरणिकेत छापला, तर तो वैयक्तिक वापर राहत नाही. तिथे परवानगी हवी, आणि पुढारी श्रद्धांजली वाहत असला तरी हवीच.

म्हणून स्टुडिओवाल्यांना विनंती: लग्नघराने पूर्वी काढून घेतलेले फोटो पुन्हा मागितले, तर अडवू नका, प्रिंटची वाजवी मजुरी घ्या आणि द्या. फोटो नेणाऱ्यांनीही तो चार लोकांसमोर मांडताना कोपऱ्यातलं फोटोग्राफरचं नाव खोडू नये. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी हे काम माझं आहे असं सांगण्याचा हक्क कलम 57 ने त्याच्याकडेच ठेवला आहे.