इंद्रभुवन वाचले, गिरण्यांचे काय?

सोलापुरात जुन्या वास्तूंचा विषय निघाला की पहिले नाव इंद्रभुवनाचे येते, आणि ते योग्यच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अप्पासाहेब वारद यांनी बांधविलेला हा प्रासाद पुढे महानगरपालिकेचे कार्यालय झाला. २०१६ साली 'स्मार्ट सिटी'साठी निवडल्या गेलेल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर होते. त्याच योजनेतून या वास्तूच्या जतनाचे काम झाले.

जतन म्हणजे रंगरंगोटी नव्हे. चुन्यातील बांधकाम ओल शोषते आणि बाहेर सोडते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, क्षार फुलतात आणि नक्षी सुटू लागते. म्हणून जुन्या भिंतीची दुरुस्ती तिच्याच जातीच्या साहित्याने व्हावी लागते. ती करण्यासाठी वेळ लागतो, कसबी हात लागतात आणि पैसाही लागतो. सार्वजनिक पैसा त्यासाठी खर्च झाला, याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती निवडीबद्दल. हे शहर मोठे झाले ते गिरण्यांवर. १८७७ साली सुरू झालेली गिरणी आजही लोकांच्या तोंडी 'जुनी गिरणी' म्हणूनच आहे. गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चाले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच खात्यात खांद्याला खांदा लावून राबली. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व किसन सारडा हे चौघे फासावर गेले. त्या लढ्यात कामगारांचाही वाटा होता. गिरण्या बंद पडल्यावर मात्र त्यांच्या इमारती आपल्या लेखी केवळ 'जागा' उरल्या.

धनिकाचा प्रासाद देखणा असतो, म्हणून तो वारसा ठरतो. कामगारांची चाळ देखणी नसते, म्हणून ती अडगळ ठरते. वारशाची कसोटी एवढीच असेल तर आपण इतिहास नव्हे, सजावट जपतो आहोत.

आमचे मागणे साधे आहे. उरलेल्या गिरणी-वास्तूंची व चाळींची नोंद व्हावी, आणि इंद्रभुवनातील एखादे दालन गिरणगावाच्या कागदपत्रांना, हजेरीपटांना व छायाचित्रांना मिळावे. ज्यांच्या श्रमातून शहर उभे राहिले, त्यांना शहराच्या मुख्य वास्तूत एवढी जागा तरी असावी.