मुक्कामाला आत वळा

शिरूरला घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. तिथून नगर शहरापर्यंतचा पट्टा पुण्याहून वेरूळ-अजिंठ्याला निघालेल्या मंडळींच्या लेखी नुसता रस्ता आहे. सुप्याला चहा आणि डिझेल घ्यायचं, मुलांना लघवीला नेऊन आणायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं. डाव्या हाताला पारनेरचा फाटा फुटतो, तिकडं कोणी मान वळवत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. प्रवाशांनी एक रात्र त्या फाट्याच्या आत काढावी, आणि आमच्या तालुक्यानं ती रात्र हक्कानं मागून घ्यावी.

एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी झाली, त्यामुळं मुक्काम हा विषय माझा आहे असं मी समजतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती याच रस्त्यावर, नगर ते पुणे. लक्ष्मण केवटे तिचे कंडक्टर. त्या गाडीचा अभिमान आम्हा खात्यातल्या लोकांना आहेच, पण माझा जीव मुक्कामी गाडीवर. दिवसाची शेवटची फेरी खेड्यात जायची, रात्री तिथंच राहायची आणि पहाटे कॉलेजची पोरं, बाजारची माणसं, दुधाच्या किटल्या घेऊन परतायची. ड्रायव्हर मारुतीच्या देवळात आडवा व्हायचा आणि मी कॅशची पिशवी उशाला घेऊन मागच्या लांब बाकावर.

आमच्या एका जुन्या ड्रायव्हरचे मुक्कामाचे नियम ठरलेले होते. गावात शिरताक्षणी गाडी वळवून घ्यायची, तोंड सकाळच्या वाटेला. उभी करायची ती उतारावर, चाकाला दगड लावून, कारण कान्हूरच्या पठारावर थंडीत बॅटरी रुसली तर पहाटे पाचला ढकलायला माणसं कुठून आणणार? जेवायचं असेल तर शिरतानाच कोणाला तरी सांगून ठेवायचं. नऊ वाजून गेल्यावर दुसऱ्याच्या घरची चूल पेटवायला लावू नये. पाणी कुठं, परसाकडं कुठं जायचं, हे उजेडात बघून घ्यायचं. एवढं झालं की मग गावकऱ्यांबरोबर पारावर बसायला मोकळा. त्या पारावरच्या गप्पांत मला तालुका कळला. दिवसा फेऱ्या मारून कळला नसता.

हेच नियम इटलीतही लागू पडतात, हे मला पुतण्यामुळं समजलं. तो आणि सूनबाई जर्मनीत असतात. भाड्याच्या गाडीनं दक्षिण इटली फिरायचा त्यांचा बेत होता. लेच्चेहून नेपल्सला जायचं, चारशेच्या आसपास किलोमीटर, मध्ये एक मुक्काम. त्यानं मला मोबाइलवर नकाशा पाठवला आणि वर फोनही केला.

‘तात्या, पोतेंझाला थांबतो. हायवेला लागून हॉटेल आहे, पार्किंग फुकट.’

‘सकाळी उठून तिथं काय बघणार?’

‘काही नाही. निघणार.’

‘मग एवढे पैसे कशाचे देतोस? गादीचे?’

मागून सूनबाईचा आवाज आला, ‘तात्या, मी कधीची हेच सांगतेय यांना. थोडी वाट वाकडी केली की मातेरा आहे.’

मातेरा म्हणजे कड्यात कोरलेल्या घरांचं गाव. एकाच गुहेत माणसं, कोंबड्या आणि गाढव. हिवतापानं पोरं दगावायची. देशाला त्या गावाची लाज वाटली आणि १९५२ मध्ये कायदा करून तिथल्या लोकांना नव्या घरांत हलवलं. १९९३ मध्ये त्याच ओस पडलेल्या वस्तीला युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं, २०१९ मध्ये ते युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, आणि आता त्याच गुहांमध्ये झोपायला लोक चांगले पैसे मोजतात. पण मुक्कामाची तयारी लागते. जुन्या वस्तीत परक्याची मोटार चालत नाही. कॅमेरे आहेत, चुकून शिरलात तर भाड्याच्या कंपनीमार्फत दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. दुपारी दुकानं बंद, रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी नाही. लहान ठिकाणी काउंटरवर रात्री कोणी बसत नाही, पोचायची वेळ आधी कळवावी लागते. म्हणजे गाडी कुठं लावायची, जेवायचं कधी, दार कोण उघडणार. आमचा ड्रायव्हर इटलीला न जाताच हे सगळं सांगून गेला होता.

त्याच मुलखावर कार्लो लेव्हीचं पुस्तक आहे, १९४५ सालचं. हा तुरिनचा डॉक्टर आणि चित्रकार. मुसोलिनीच्या राजवटीनं १९३५ मध्ये त्याला या भागात स्थानबद्ध करून ठेवलं. पुस्तकाच्या नावातच तो सांगतो की ख्रिस्त एबोलीला थांबला. रस्ता आणि रेल्वे एबोलीला किनारा सोडून आत वळतात, आणि त्या आतल्या डोंगराळ मुलखापर्यंत ख्रिस्तही पोचला नाही, असं तिथली माणसं म्हणायची. आमचं एबोली म्हणजे सुपे. एमआयडीसी सुप्याला, जपानी कंपन्यांसाठी राखलेली जमीन सुप्याला, लिफ्टची हॉटेलंही सुप्याला. सुप्याला माझा राग नाही, आमची बरीच पोरं तिथं कामाला आहेत. पण तिथून पारनेर पंधरा-एक किलोमीटरवर आहे. एवढंसं अंतर कोणी वळत नाही याचं वाईट वाटतं.

वळून बघायचं काय, असं कोणी विचारलं तर मी आधी निघोज सांगतो. कुकडी नदीनं काळ्या पाषाणात खोल घळ पाडली आहे आणि त्या खडकात शेकडो रांजणखळगे आहेत. पावसाळ्यात पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरत राहतात आणि खडक आतून घासत नेतात. हजारो वर्षं हे चाललंय. खळग्याच्या कडेवरून आत हात फिरवून बघा, खडक इतका गुळगुळीत की हात घसरतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काही खळग्यांच्या तळाशी ते गोल गोटे पडलेले दिसतात. कारागीर गेला आणि हत्यारं तिथंच राहिली. दोन्ही तीरांवर मळगंगेची देवळं, मध्ये झुलता पूल. पलीकडं टाकळी हाजी, म्हणजे पुणे जिल्हा.

आता हे बघायला लोक येतात कधी? दुपारी बाराला, कारण सकाळी पुण्यातून निघून रात्री परत घरी जायचं असतं. बाराला खडक तापलेला असतो, ऊन डोक्यावर, सावली नाही म्हणून खळग्यांची खोलीही दिसत नाही. घाईनं काठावर उभं राहून फोटो काढायचे. तिथं पाय घसरून जीव गेलेले आहेत. उन्हं कलल्यावर, सवडीनं, काठापासून दोन हात मागं राहून बघायची ही जागा आहे. सवड त्यालाच मिळते ज्याचा रात्रीचा बिछाना जवळ आहे.

बाकीचं भराभर सांगतो. टाकळी ढोकेश्वरची शैव लेणी, सहाव्या शतकाच्या सुमाराची. दाराशी गंगा-यमुना, आत सप्तमातृका. वेरूळ बघायच्या आधी ही बघितली तर वेरूळ जास्त कळतं. जामगावात महादजी शिंद्यांचा वाडा. पळशीला होळकरांच्या दिवाणांचं, पळशीकरांचं गाव आणि विठ्ठलाचं देऊळ. वडगाव दर्याला गुहेत चुन्याचे लवणस्तंभ. पारनेरजवळच सिद्धेश्वरवाडीचं दरीतलं शिवालय. सेनापती बापट पारनेरचेच, जन्म १८८०. राळेगणसिद्धीचं पाणलोटाचं काम बघायला तर देशभरातून माणसं येतात. वही भरून घेतात आणि दुपारच्या जेवणानंतर पुण्याकडं रवाना.

दिवसाचा पाहुणा गावाला काय देतो? एक चहा, एक पाण्याची बाटली, आणि ती बाटलीही नदीकाठी टाकून जातो. रात्रीचा पाहुणा जेवतो, झोपतो, सकाळी दूध-पोहे घेतो, जाताना कान्हूरचा वाटाणा नाहीतर घरची बाजरी बांधून नेतो. त्याला अंधारात हुंदडायला जागा नसते, म्हणून तो बोलत बसतो, आणि बोलत बसलेला माणूस पुन्हा येतो.

सोय नाही म्हणतात, ते खरं आहे. पण घरं आहेत. पारनेर तालुक्यातली निम्मीअधिक माणसं मुंबईत, असं आम्ही गमतीनं म्हणतो. त्यांनी कष्टाच्या पैशातून बांधलेली स्लॅबची घरं गावोगाव उभी आहेत. वरच्या खोलीचं कुलूप फक्त यात्रेला निघतं. त्यातल्या दोन खोल्या, स्वच्छ चादर, आतून कडी लागणारा संडास-बाथरूम आणि गाडी लावायला अंगण, एवढंच लागतं. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारीची योजना आहे, राज्याचं कृषी पर्यटन धोरणही २०२० पासून आहे. इटलीनं शेतावरच्या मुक्कामाचा कायदा १९८५ मध्येच केला, आणि त्यात शहाणपणाची अट घातली: पाहुणे ठेवा, पण मुख्य धंदा शेतीचाच राहिला पाहिजे. ही अट आम्हीही पाळावी. नाहीतर उद्या कोणीतरी पुण्याचा गुंतवणूकदार येईल, दहा एकराला कुंपण घालील आणि आत रेन डान्स सुरू करील. ज्या तालुक्यानं उन्हाळ्यात टँकरपुढं हंड्यांच्या रांगा लावल्या, तिथं पाण्याचे फवारे उडवून नाचणं शोभत नाही.

आणि एक गोष्ट पुरुषमंडळींना आवडणार नाही. पाहुणा आला की ओसरीवर बसून गप्पा आपण मारणार आणि भाकरी थापणार घरातली बाई. ती आधीच गोठा, रान आणि चूल सांभाळून दमलेली असते. मुक्कामाचे पैसे तिच्या खात्यात जाणार नसतील तर हा उद्योग सुरूच करू नये. बचत गटानं पुढाकार घेतला तर उत्तम. चादरी धुण्यापासून हिशोबापर्यंत सगळं त्या चोख करतील, ग्रामपंचायतीनं फक्त फाट्यावर दिशादर्शक पाटी लावावी आणि नदीकाठी कचऱ्याचा डबा ठेवून तो वेळच्या वेळी उचलावा.

येणाऱ्यांसाठी बेत असा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, म्हणून पारनेरचा मुक्काम सोमवारी रात्री धरा. पुण्याहून जेवून निघा, शिरूरहून निघोजला वळा, चार-साडेचारला खळगे बघा आणि दिवस मावळायच्या आत तिथून हला. आतल्या रस्त्यांवर अंधारात उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांना मागं दिवा असेलच असं नाही. मंगळवारी सकाळी सिद्धेश्वरवाडी आणि ढोकेश्वर करून भाळवणीवरून नगर, तिथून संभाजीनगर. बुधवारी वेरूळ, गुरुवारी अजिंठा. मुंबईकरांनी माळशेज-आळेफाट्यावरून यावं, त्यांना ढोकेश्वर वाटेवरच लागतं. निघोज त्यांनी परतीला ठेवावं. जेवणाचं मात्र दुपारीच फोन करून सांगा. मासवडीला वेळ लागतो. ऐनवेळी कळवलंत तर पिठलं-भाकरी मिळेल, आणि तक्रार चालणार नाही.