टर्बो कार रिमॅप करताय? आधी टायमिंगचं गणित समजून घ्या

‘भाऊ, फक्त लॅपटॉप जोडायचा. अर्ध्या तासात वीस बीएचपी वाढवून देतो.’ एवढ्यावर विश्वास ठेवून माझ्या एका मित्राने आपली एक लिटरची टर्बो पेट्रोल कार रिमॅप करून घेतली. दोन आठवडे स्वारी खूश होती. मग मे महिन्यातली दुपार, गाडीत चौघे, एसी सुरू आणि समोर खंडाळ्याचा घाट. डब्यात खडे वाजावेत तसा आवाज बॉनेटखालून आला आणि पाठोपाठ चेक इंजिनचा दिवा लागला. इंजिन उघडलं, तेव्हा एका पिस्टनचा रिंगजवळचा भाग तुटलेला होता. वॉरंटी नाकारली गेली आणि बिल त्याच्या खिशातून गेलं.

माझं मत स्पष्ट आहे. रोजच्या वापरातल्या टर्बो कारचं टायमिंग आकडे बघितल्याशिवाय कुणालाही बदलू देऊ नका.

टायमिंग म्हणजे नेमकं काय?

पेट्रोल इंजिनात पिस्टन सर्वात वर पोहोचण्याच्या थोडं आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, कारण मिश्रण पेटून दाब वाढायला वेळ लागतो. हा दाब पिस्टन खाली वळल्यावर, क्रँक साधारण 10 ते 15 अंश फिरल्यावर सर्वाधिक असला की जोर नीट मिळतो. ठिणगी आणखी आधी टाकली तर ॲडव्हान्स, उशिरा टाकली तर रिटार्ड. 3000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 50 फेऱ्या, म्हणजे 18 हजार अंश फिरतो. एक अंशाचा बदल म्हणजे सेकंदाचा 18 हजारावा भाग. सगळा खेळ एवढ्याशा वेळाचा आहे.

टर्बोमध्ये वेगळं काय?

टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. दाबलेली हवा तापते. इंटरकूलर ती थंड करतो, पण पूर्ण नाही. अशा वेळी ठिणगी फार लवकर पडली, तर ज्योत पोहोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. म्हणून बूस्ट वाढला की कंपनीचा ईसीयू टायमिंग मागे घेतो. ते फार मागे नेलं तरी पंचाईत होते. जळण लांबतं, एक्झॉस्ट जास्त तापतो आणि त्याचा फटका टर्बो व कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बसतो.

पद्मिनीच्या काळात मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून, कानाने ऐकून टायमिंग लावायचा. चढावर इंजिन ठोकायला लागलं की किंचित मागे. आज तो कान म्हणजे सिलिंडर ब्लॉकवरचा नॉक सेन्सर.

‘कंपनीने ताकद लपवून ठेवलीय’, हे खरं?

अर्धं खरं. कंपनी थोडी गुंजाइश ठेवते. ती असते विदर्भातल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यासाठी, आडवाटेच्या पंपावरच्या पेट्रोलसाठी, झिजलेल्या प्लगसाठी आणि साचलेल्या कार्बनसाठी. रिमॅप करणारा हीच अडीनडीची शिल्लक आज खर्चायला काढून देतो.

‘नॉक सेन्सर आहे ना, तो सांभाळेल’ हे उत्तरही पुरेसं नाही. नॉकिंग सुरू झाल्यावरच सेन्सरला ते कळतं. शिवाय फाइलमध्ये त्याची मर्यादा सैलही करता येते.

पेट्रोलचा मुद्दा वेगळाच. 100 ऑक्टेन पेट्रोल आपल्याकडे 2020 पासून मिळतं, पण निवडक पंपांवरच. त्या पेट्रोलसाठी केलेली फाइल टाकून गावाकडे साधं पेट्रोल भरलं, तर गणित बिघडतं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंगला आळा बसतो. पण त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे इंधन जास्त सोडावं लागतं. परदेशातल्या पेट्रोलवर बेतलेली फाइल इथे जशीच्या तशी योग्य ठरेलच असं नाही.

तरीही करायचंच असेल तर?

आकडे दाखवून काम करणारे चांगले ट्यूनरही आहेत. त्यांना हे चार प्रश्न विचारा:

1. माझ्याच गाडीचा लॉग घेऊन फाइल बनवणार, की तयार फाइल टाकणार?
2. फुल थ्रॉटलला प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग नॉकिंगमुळे किती अंश मागे जातं, ते आधी आणि नंतर दाखवणार का?
3. फाइल कोणत्या ऑक्टेनसाठी आहे?
4. मूळ फाइल मला परत मिळेल का?

एका जरी प्रश्नावर ‘टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर आलं, तर गाडी घेऊन घरी या.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीपासून बदल लपवला, तर क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते.

आणि रिमॅप न केलेल्या टर्बोवाल्यांसाठीही एक गोष्ट. कमी आरपीएमवर, वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. छोट्या टर्बो इंजिनावर सर्वात जास्त ताण तिथेच येतो.

माझ्या मित्राची गाडी आता पुन्हा मूळ फाइलवर आहे. घाट आला की तो गुपचूप एक गियर खाली टाकतो आणि आरामात वर पोहोचतो.