फिशपॉन्ड कोणावर टाकावा?

सुरतेत जन्मलेल्या संजीवकुमारला ‘दस्तक’ व ‘कोशिश’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, याचा आम्हा मराठी सुरतकरांनाही अभिमान आहे. उत्तम अभिनयाचा गौरव होतो, तो व्हायलाच हवा. पण वाईटाची दखल कोणी घ्यायची? अमेरिकेत १९८१ पासून वर्षातील टाकाऊ चित्रपटांना व नटनट्यांना ‘गोल्डन रॅस्पबेरी’ बहाल केली जाते. आपल्याकडे हिंदी चित्रपटांसाठी २००९ साली दिल्लीत ‘गोल्डन केला’ सुरू झाला. थोडक्यात, स्नेहसंमेलनातला फिशपॉन्डच हा!

ही थट्टा मला मान्य आहे. कोट्यवधी रुपये ओतून, जाहिरातींचा डंका पिटून प्रेक्षकांच्या खिशाला चाट लावणाऱ्यांना कोणीतरी हसलेच पाहिजे. हॅले बेरीने २००५ साली ‘कॅटवूमन’साठीची रॅस्पबेरी स्वतः मंचावर येऊन स्वीकारली. मोठ्यांना थट्टा पेलते, नव्हे, शोभतेही.

मात्र २०२३ च्या नामांकनांत रायन किएरा आर्मस्ट्राँग या अवघ्या १२ वर्षांच्या मुलीचे नाव आले. टीकेची झोड उठताच ते मागे घेतले गेले आणि १८ वर्षांखालील कलावंतांना वगळण्याचा नियम झाला.

आपल्या संमेलनांत असा नियम कुठे आहे? रंग, उंची, तोतरेपणा यांवर फिशपॉन्ड पडतात, सभागृह हसते आणि ज्याच्यावर पडतो तोही बिचारा हसतो. दुसरे काय करणार? मित्रहो, खिल्ली जरूर उडवा. पण कामाची उडवा, जन्माने मिळालेल्या गोष्टींची नको!