राखणीची बंदूक, शिकारीची नव्हे

भाद्रपद सरता सरता भाताच्या लोंब्या भरू लागतात आणि सत्तरीपासून काणकोणपर्यंत, तसेच पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीच्या गावांत, शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरांचा एक कळप वर्षाचे कष्ट एका रात्रीत तुडवून जातो. अशा वेळी ‘बंदूक घ्यावी तर कोणती?’ हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. तो हौशी शिकाऱ्याचा नाही, पोटाचा आहे. म्हणून त्याचे उत्तरही सरळ मिळाले पाहिजे.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने ते दिलेले आहे. पीकसंरक्षणाची प्रामाणिक गरज असलेल्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे १३ व्या कलमात म्हटले आहे. पण या बंदुकीची जातकुळी आमच्या पावसाशी जुळणारी नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, बोळा ठासायचा, छर्रे भरायचे, टोपी बसवायची आणि एवढे करून बार एकच. भात पिकते त्या दिवसांत हवा ओली असते आणि दारू सर्दावली की तोही फुकट जातो. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखले होते, असे म्हणावे लागेल. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची मुभा त्याच कलमात आहे. किनारपट्टीवर तिचा उपयोग मोकळ्या मनाने व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. रायफलीचा मोह मात्र कोणी धरू नये. तिची गोळी मैलभर पल्ला गाठते आणि आमच्याकडे हाकेच्या अंतरावर वाडी असते. रानडुक्कर समजून झाडलेल्या बाराने माणूस दगावल्याच्या बातम्या आपण काय थोड्या वाचल्या आहेत?

येथेच एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. अमेरिकेतील अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम असतो. पेनसिल्व्हेनियात तर नाताळानंतरच्या हंगामात चकमकीच्या बंदुकीचा आग्रह धरला जातो. आपल्याकडे असा कोणताच हंगाम नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाल्यापासून हौसेच्या शिकारीचे दार बंद आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला त्याचा उपद्रव असेल तर ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी मारण्याची परवानगी देऊ शकतो. पण मारलेले जनावर सरकारचे, शेतकऱ्याच्या चुलीचे नव्हे. गवा तर पहिल्या अनुसूचीत, शिवाय गोव्याचा राज्यप्राणी. त्याच्यावर बंदूक रोखण्याचा विचारही नको.

म्हणजे शेतकऱ्याला दोन दारे ठोठवावी लागतात. बंदुकीसाठी जिल्हाधिकाऱ्यांचे आणि बाराच्या परवानगीसाठी वनखात्याचे. एक उघडते, दुसरे उघडेपर्यंत शेतात फक्त धसकटे उरतात. मग हताश माणूस तारेची फासकी लावतो किंवा कोणी गावठी बॉम्ब पेरतो. फासकीला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही. बॉम्बला तर गाय आणि गुराखी यांतलाही कळत नाही. परवाना नाकारल्याने रान वाचते, असे ज्यांना वाटते त्यांनी फासकीत तडफडणारा बिबट्या एकदा पाहावा.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने परक्या सरकारने या देशाला निःशस्त्र केले, याची चीड स्वातंत्र्य चळवळीला होती. म्हणूनच १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काला स्थान मिळाले. त्यातील ‘नियमांच्या अधीन’ हे शब्द हक्काइतकेच मोलाचे आहेत.

तेव्हा सरकारने तीन गोष्टी कराव्यात. बंदुकीचा आणि उपद्रवी जनावराविषयीचा अर्ज एकाच ठिकाणी घ्यावा. पीक कापणीला येण्यापूर्वी त्यावर निर्णय द्यावा. आणि निवडणुकीच्या काळात राखणीच्या बंदुका सरसकट जमा न करता, निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक प्रकरण छाननी समितीपुढे ठेवावे. शेतकऱ्यानेही आपली बाजू सांभाळली पाहिजे. आजोबांची बंदूक परवाना स्वतःच्या नावे करून घेतल्याशिवाय खुंटीवरून काढू नये, ती शेजाऱ्याला उसनी देऊ नये आणि मांसाच्या लोभाने रानात शिरू नये. बांधाच्या आत ती राखणदार आहे. बांध ओलांडला की तीच आरोपीचा पुरावा ठरते.